बाटलीवरची आत्या

माझी आत्या जन्मभर पोस्टात तिकिटं विकत बसली. जंगल तिने पाहिलं ते तिकिटांवरच. तरी एके दिवशी केसांच्या तेलाच्या बाटलीवर तिचंच तोंड! चष्मा गायब, डोक्यात पिसं, गालांवर पांढरे पट्टे आणि खाली नाव ‘वनमाता’. रांग मोडणाऱ्या माणसावर ती खेकसत असतानाचा तिचा फोटो कंपनीने कुठून तरी ढापला होता. वर छापलं होतं, ‘आदिम जमातीचं गुपित’. गुपित कसलं, डोंबल! आत्याच्या भांगाचा केव्हाच हमरस्ता झाला होता.

मग पिसं आणि पट्टे खरोखर ज्यांचे होते, त्या लोकांनी कंपनीला फैलावर घेतलं. कंपनीची तंतरली. पण ते लोक राहत डोंगरापलीकडे आणि आत्या आमच्या घरी, कंपनीपासून दोन गल्ल्या सोडून. म्हणून कंपनीचे साहेब, वकील आणि चित्रकार आमच्याच दारात हजर!

“आपल्या जमातीची माफी मागायला आलोय,” साहेब हात जोडून म्हणाले.

“माझी जमात पोस्टाची,” आत्या म्हणाली. “एकामागे एक उभे राहा. ढकलाढकली नको.”

तिघंही निमूटपणे जिन्यात रांगेत उभे राहिले. साहेबांनी घसा खाकरून माफीचा कागद उघडला. आत्याने तो वाचला आणि परत केला.

“या खिडकीवर फक्त चष्म्याची माफी घेतात. पिसांची मागायची तर डोंगर चढा.”

आणि दार लावून घेतलं.