आयरिश शालीला लावलेला साडीचा फॉल

इराच्या पोटरीवरचं भाजणं वरवरचं आहे, असं नोटआउफनामेतल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या, डॉक्टरीणबाईंनी तासाभरापूर्वी सांगितलं.

मी मध्ययुगीन आयर्लंडचे कपडे शिवते, हे तुम्हाला माहीतच आहे. जुनी चित्रं आणि वर्णनं धुंडाळून यंदा लेकीसाठी, इरासाठी, 'ब्रात' केला, म्हणजे अंगभर गुंडाळायची जाड लोकरीची शाल. लोकर ठिणगीने सहसा पेटत नाही, करपून विझते. त्या भरवशावर मी तिला शेकोटीपाशी बसू दिलं.

आज दुपारी जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या, मध्ययुगासारखं राहून बघायच्या आमच्या शिबिरात लाकूड तडकलं आणि निखारा तिच्या शालीच्या काठावर पडला. लोकर करपली, पण काठ आतून वितळू लागला आणि पायाला चिकटला.

"मामा, एस ब्रेंट!" आई, जळतंय, असं इरा जर्मनमध्ये किंचाळली. मी घागरभर पाणी ओतलं, तरी ती किंचाळतच होती. मला वाटलं, पाय गेला.

दवाखान्यात सोबत आलेल्या सासूबाईंनी शालीचा काठ उलटून पाहिला. "अगं, हा तर साडीचा फॉल!"

"हो आई. काठ झिजू नये म्हणून सवयीने लावला."

पॉलिएस्टरचा फॉल. बाकी एकेक धागा जाळून, वास घेऊन तपासला होता, हा सोडून.

उद्या ड्रेसिंग बदलायचंय. इरा आत्ता माझ्याशेजारी बसून फॉल उसवतेय. पुढच्या शनिवारी हीच शाल घालून शेकोटीपाशी बसणार म्हणते. तुम्ही बसू द्याल?