दहा लाख एक, आणि न पुसलेला फळा

मंडळींनो, आज मी सूड उगवला. लपवून काय करायचं?

नऊ वर्षांपूर्वी आमच्या मंडळातल्या गणिताच्या निवृत्त सरांनी मला भर क्लासमधून उठवलं होतं. म्हणाले, "भैया, तुम्ही फॅक्टरीत खराद मशीन चालवा. संख्या तुमचं काम नाही." सगळे हसले. मग मी घरीच शिकलो. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या मला आज तोंडपाठ आहेत.

आज संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये सरांनी फळ्यावर १०,००,००१ लिहिलं आणि ठणकावून सांगितलं, "ही मूळ संख्या आहे. शंभरापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहिलं, भाग जात नाही."

मी उभा राहिलो. "सर, शंभरावर काहून थांबले? वर्गमूळ हजाराच्या जरासं वर येते, तिथपर्यंत पाहावं लागते. शंभरानंतरची पहिलीच मूळ संख्या घ्या. एकशे एक."

"अरे, बैठो भैया."

"नाही जी, तुम्हीच भागा. आम्ही पाहून राहिलो."

भागावंच लागलं. उत्तर ९९०१, बाकी शून्य. यावेळी कोणी हसलं नाही, तेवढं मात्र मला कमी वाटलं.

निघताना सर फळा पुसायला वळले. डस्टर माझ्या पिशवीत होतं. हॉलची किल्लीसुद्धा माझ्याकडेच असते. उद्या सकाळी त्यांचा क्लास त्याच फळ्यासमोर बसेल.

खरं सांगा, तुम्ही पुसू दिलं असतं?