देवीच्या मुखवट्याची गाठ

मला पुरुष आवडतात, हे एका सिनेसाप्ताहिकानं माझ्या फोटोसकट छापलं. टीव्हीवरच्या मालिकेत मी नवऱ्याचं काम करत होतो. पंधरा दिवसांत त्या नवऱ्याची आसामला बदली झाली आणि तो परत आलाच नाही. हातातली बाकीची कामंही गेली. मी मोखाड्याला घरी आलो, तर बोहाडा, आमचा मुखवटे नाचवायचा उत्सव, तोंडावर आलेला.

आमच्या बोहाड्यात एकेक मुखवटा एकेका घराकडे असतो. देवीचा आमच्याकडे. वडिलांचे गुडघे गेल्यापासून दरवर्षी मुंबईहून येऊन तो मीच नाचवायचो.

त्या सकाळी देवळामागे लुगडं नेसून मी लाकडी मुखवटा तोंडाशी धरून उभा होतो. मागची दोरी स्वतःची स्वतःला बांधता येत नाही. दरवर्षी चारजण धावायचे. आज एकही पुढे येईना. बाहेर संबळ वाजत होता. हात भरून आले. वाटलं, आपटावा हा मुखवटा आणि जव्हारची एसटी धरावी.

शेवटी दादा आला. महिनाभर तो माझ्याशी बोलला नव्हता. त्यानं दोरी कचकन ओढून गाठ मारली.

"चल. देवी खोळंबलीय."

मी नाचत बाहेर आलो. आदल्या दिवशी विहिरीवर मला बघून तान्ह्या पोरीला पदराखाली झाकणारी शेजारीण सगळ्यांत पुढे होती. तिनं तीच पोर माझ्या पायांवर घातली. आत कोण आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

नाच संपल्यावर दादानं देवळाच्या पायरीवर गाठ सोडली. मुखवटा उतरला आणि समोरच्या शेजारणीनं पोर पुन्हा पदराखाली झाकली.