उंदीरमामांचा हात

सगळी संस्था त्यांना उंदीरमामा म्हणे, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. चौदा वर्षं त्यांनी उंदीर सांभाळले. पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाणी भरायचं, आणि प्रयोगाच्या दिवशी पिंजऱ्यात हात घालून एकेक उंदीर मॅडमच्या टेबलावर ठेवायचा. मॅडम मोठ्या शास्त्रज्ञ. जखम भरताना नव्या पेशी वाढाव्यात म्हणून शरीर जो पदार्थ सोडतं, तो त्यांनी प्रयोगशाळेत तयार केला होता. उंदराच्या पाठीवर छोटी जखम करायची. निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. औषधवाल्यांची सूज चार दिवसांत ओसरे, जंतूंशी लढणाऱ्या पेशी वेळेवर येत आणि वेळेवर जात, वर नवी कातडी धरे. पाणीवाले कोपऱ्यात कुढत बसत. हे सगळं मामांनी स्वतः पाहिलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्यामुळे बायकोच्या पायाला मधुमेहाची जखम झाली आणि डॉक्टरांनी करंगळी काढायला सांगितली, तेव्हा मामांनी डॉक्टरांनाच वेड्यात काढलं.

"अहो, करंगळीच तर आहे," बायको म्हणाली. "काढू दे की."

"काही नको. मॅडमचं औषध दोन महिन्यांत माणसांवर सुरू होतंय. पहिलं नाव तुझं घातलंय. मी रोज बघतो गं, कशी कातडी येते ती."

बायकोने ऑपरेशन लांबवलं. एकोणतीस वर्षं ती त्यांचं ऐकत आली होती, ही तिची जुनी खोड.

माणसांना औषध देण्याआधी आकडे तपासायला बाहेरून एक गृहस्थ आले. संस्थेने त्यांचं लगेच 'आकडेबहाद्दर' असं बारसं केलं. त्यांनी मॅडमना फारसं काही विचारलं नाही. मामांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि दिवसभर नुसतं बघत राहिले.

"मामा, पाणीवाले आधी का?"

"औषध बर्फ झालेलं असतं, साहेब. ते वितळेपर्यंत पाणीवाले उरकून घेतो. रिकामं कशाला बसायचं?"

"आणि पिंजऱ्यातून आधी कोणता काढता?"

"हाताला लागेल तो. चपळ असतात ते निसटतात. ते शेवटी सापडतात."

आकडेबहाद्दरांनी चष्मा काढून पुसला. चौदा वर्षं मरगळलेल्या, आजारी उंदरांना पाणी मिळत होतं आणि धडधाकटांना औषध. धडधाकट लवकर बरे झाले यात नवल ते काय! पुढच्या खेपेला त्यांनी चिठ्ठ्या टाकून उंदीर वाटले. दोन्हीकडच्या जखमा एकाच दिवशी भरल्या, आणि माणसांवरचा प्रयोग रद्द झाला.

"इतक्या वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही विचारलंच नाही कधी."

हे मात्र खरं होतं. पेशीपेशीची विचारपूस करणाऱ्या त्या बाईने मामांच्या हाताकडे कधी पाहिलं नव्हतं.

तोवर करंगळीचा काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात. मामांनी तो बायकोच्या पायावर मारला. तिला त्यांनी सांगितलं की औषध सरकारी परवानगीत अडकलंय, जरा आधी आलं असतं तर पाय वाचला असता. तिला ते पटलं. उलट तीच त्यांची समजूत घालू लागली. मामांना स्वतःची शिसारी आली, तरी ती समजूत त्यांनी घालून घेतली.

महिन्याभराने धाकटी मेहुणी आली. घरातलाच रोग, तिच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं.

"कापू नकोस," बायको खाटेवरून म्हणाली. "यांचं औषध येईलच आता. माझ्या वेळेला उशीर झाला, तुझ्या वेळेला नाही व्हायचा."

मेहुणी मामांकडे वळली. "दाजी, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही रोज बघता."

मामांनी बायकोकडे पाहिलं. नवऱ्याला कुणी काही विचारतंय म्हणून ती कौतुकाने हसत होती. खरं बोलायचं तर ते आता, तिच्यासमोर बोलावं लागणार होतं.

"मॅडमना विचारून सांगतो," ते म्हणाले.

मेहुणीने तिथूनच दवाखान्यात फोन लावला आणि उद्याची वेळ रद्द केली.