खोटा भोंगा आणि दसऱ्याचं धुणं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, मग हात जोडावेसे वाटतात. नावं कुणाचीच घेत नाही.

नांदेड जिल्ह्यात एका धरणाजवळच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. धरणाला छोटं वीजघर. यंत्रं सुरू करायच्या आधी तिथला भोंगा वाजतो आणि खालच्या डोहावरचे लोक वर पळतात, कारण थोड्याच वेळात पाणी चढतं. डोहाच्या वर जलाशयात एक नाव फेऱ्या मारायची. रविवारी नुसती जत्रा.

घटस्थापनेच्या आधीचे दिवस. धरणावरचे अभियंता साहेब ठाण्यात आले. नाकातनं बोलायचे. (त्यांची नक्कल मी आजही मस्त करतो.) "इन्स्पेक्टर, भोंगा वाजतो, पण आम्ही वाजवत नाही!"

पाणी न येता भोंगा तीनदा वाजला होता. प्रकरण गमतीचं नव्हतं. लोकांचा भोंग्यावरचा भरवसा उडाला तर खऱ्या पाण्यात माणूस जाईल.

खबऱ्या म्हणाला, "सायब, भोंगा वाजला की डोह रिकामा, अन् समदी गर्दी नावंत. नाववाल्याची चांदी हाय."

नाववाल्याला बोलावलं. साधा गडी. घर त्या एका नावेवर चालायचं.

"खरं बोल. भोंगा कुठं लपवलाय?"

"सायब, माझ्याकडं शिट्टी सुदिक न्हाई! झडती घ्या."

झडतीत खरंच काही मिळालं नाही. पण अभियंता साहेब ऐकेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात येऊन माझा अहवाल घेणार आणि त्याचा परवाना रद्द करणार. संशयित म्हणून त्याचंच नाव लिहायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

तरी दुपारी साध्या कपड्यात डोहावर जाऊन बसलो. एका बाजूला शहरातली पोरं, बाटल्या, गाडीतलं गाणं. दुसऱ्या बाजूला गावातल्या बाया दसरा काढत होत्या, म्हणजे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धूत होत्या. खडकांवर वाकळा वाळत पडलेल्या.

आणि भोंगा वाजला! हूऽऽऽ! पोरं चपला सोडून पळाली. मीही पळालो, खोटं कशाला बोलू?

वर जाऊन मागं बघितलं, तर बाया निवांत धुणं आपटत होत्या. खडकावरची एक वाकळ हलली नव्हती. अरे, खरं पाणी येणार असतं तर आमच्याकडची बाई आधी वाकळ उचलेल, मग नवऱ्याला हाक मारेल!

खाली उतरलो. ओळख सांगितली. "भोंगा कुणाचा?"

सगळ्या पुन्हा धुण्याकडं वळल्या. एक म्हातारी मावशी तेवढी हसली आणि तांब्याची घागर पुढं सरकवली. तोंड आत घालून घुमवलं की आवाज वीजघराच्या भिंतीवर आदळून भोंग्यासारखा यायचा.

"का गं मावशे?"

"हे पोट्टे मोबाइल धरत्यात आमच्यावर. वल्ल्या लुगड्यानं बाईनं काय करावं? सांगून बघितलं, तर दात काढत्यात. मंग म्हणलं, भोंगाच ऐकतेत न्हवं?"

"आणि उद्या खरा भोंगा वाजला, लोक हसत बसले तर? शिवाय तुमच्यापायी नाववाल्याचा परवाना जातोय."

तिचं हसू गेलं. "हे ध्यानातच न्हाई आलं, लेकरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अभियंता साहेब माझ्यासमोर, नाववाला दारात मान खाली घालून. तेवढ्यात मावशी घागर कमरेवर घेऊन ठाण्यात आली. मी बोलावलं नव्हतं.

"त्याला सोडा. भोंगा म्या वाजिवला."

"घागरीतून भोंगा? काहीतरीच!" अभियंता साहेब.

मावशीनं घागरीत तोंड घातलं. हूऽऽऽ! अभियंता साहेब खुर्चीतनं अर्धे उठले. दोन शिपाई तर व्हरांड्याबाहेर!

नाववाला डोळे पुसत म्हणाला, "मावशे, माझ्यापायी ठाण्याची पायरी चढलीस."

"गप ए. तुझ्यापायी न्हाई, माझ्या करणीपायी."

मावशीचा जबाब घेतला आणि समज देऊन सोडलं. परवाना राहिला. दसरा काढून होईपर्यंत तो डोह फक्त बायांना. वरच्या वाटेवर आमची महिला शिपाई बसली आणि तिनं मोबाइलवाल्या पोरांची चांगली हजेरी घेतली.

त्या दिवसापासून गर्दी पळाली की मी आधी न पळणाऱ्यांकडं बघत आलो. नोकरीत याचा फार उपयोग झाला. पण खरे उपकार वेगळेच. खोटा भोंगा मी शोधला, हे खरं. पण निरपराध माणूस सुटला तो ती बाई आपल्या पायानं चालत आली म्हणून. शोधायचं कसं, हे मला खात्यानं शिकवलं. कबूल कसं करायचं, ते मावशीनं दाखवलं.