डिकीतली आई

गोरेगावच्या एका स्टुडिओत दिवे लावण्यात धाकू मेस्त्रीची उभी हयात गेली, पण त्याचा चढलेला आवाज कुणी कधी ऐकला नाही. घरात आवाज होता तो आईचा. चंपाबाई रेशनवाल्याशी भांडली, कंडक्टरशी भांडली, नळावर तर रोजच भांडली, आणि बहुतेक वेळा जिंकली. गिरणी बंद पडून नवरा खचला तेव्हा तिनेच भांडूनभांडून पोरं वाढवली. धाकू शेंडेफळ. आई दोघांपुरतं बोलत असल्यामुळे त्याला बोलायची फारशी गरज पडली नाही.

ती गेली तीही बजावूनच. "धाकू, माका हंय सोडू नुको. गावच्या खाडयेत सोड. हंय लय घाण आसा."

धाकूने संध्याकाळच्या कोकणच्या बसचं तिकीट काढलं. सकाळी स्मशानातून अस्थी घेतल्या, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि स्कूटरवरून इमारतीपाशी आला. अस्थी घरात न्यायच्या नाहीत, हा रिवाज. गावी परसातल्या फणसाला टांगतात. इथे सोसायटीत एकच झाड, आणि सेक्रेटरींच्या मते ते शोभेचं होतं. वॉचमनला विचारलं, तर त्याने मडक्याला लांबूनच हात जोडले. भांडणारी होती ती मडक्यात होती. धाकूने मडकं टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवलं, स्कूटर नेहमीसारखी गेटाबाहेर लावली आणि आंघोळीला वर गेला. त्या जागी नुकतीच नो पार्किंगची पाटी लागली होती. शोभेच्या झाडाची फांदी तिच्यावर आली होती, त्यामुळे ती वाचायची सोय नव्हती.

अंगावर पाणी घेतलं तोच खालून भोंग्यावर त्याच्या गाडीचा नंबर ऐकू आला. नियम असा की आधी पुकारायचं, थोडं थांबायचं, मग उचलायचं. हे लोक उचलता उचलता पुकारत होते.

ओल्या पंचानिशी धाकू रस्त्यावर धावला. "अहो, थांबा ना! डिकीत आई आहे माझी!"

येणाऱ्याजाणाऱ्यांनी धाकूकडे पाहिलं, मग डिकीकडे पाहिलं आणि आपापल्या वाटेने गेले. टोइंगच्या गाडीवरचा मुकादम म्हणाला, "चौकीवर या काका. येताना कपडे घाला."

फ्लायओव्हरखालच्या चौकीच्या आवारात स्कूटर आडवी पडली होती. आरसा गायब, सीटचं कुलूप तुटलेलं, डिकी रिकामी. धाकूने मडक्याचं विचारलं. टेबलाशी बसलेल्या हवालदाराने आधी दंड भरायला लावला, मग भिंतीवरची पाटी दाखवली. वाहनातील वस्तूंची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

"मडकं ना?" मुकादम चहा पीत म्हणाला. "उतरवताना गाडी सटकली हातातून. फुटलं ते. झाडून ठेवलंय बघा कोपऱ्यात. काय होतं, माती?"

"आई," धाकू म्हणाला.

मुकादमाने कप खाली ठेवला. हवालदार उगाच उभा राहिला. मुकादम म्हणाला, "मग सांगायचं ना आधी!"

"सांगितलं होतं."

कोपऱ्यात त्याचा टॉवेल होता, खापऱ्या होत्या, सिगारेटची थोटकं होती, गुटख्याच्या फाटक्या पुड्या होत्या, आणि या सगळ्यात ती होती. धाकू उकिडवा बसला. मुकादमाने मदत म्हणून झाडू पुढे केला. धाकूने तो घेतला नाही. अस्थी बोटांनी वेचल्या. राख मात्र कचऱ्यातून वेगळी होईना. बसची वेळ होत आली तेव्हा जे होतं ते सगळं त्याने टॉवेलात भरलं आणि गाठ मारली. स्कूटर तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी गावच्या खाडीत कमरेभर पाण्यात उभं राहून त्याने गाठ सोडली. आई खाली गेली. थोटकं आणि पुड्यांचे कपटे तेवढे पाण्यावर तरंगत राहिले.

काठावरून भटजी म्हणाले, "झालं हो. आता मागे न बघता या."

"नाय झाला!" धाकू एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडच्या होडीतल्या माणसाने वल्हं थांबवलं. "घाण आसा हंय!"

मग तो ढसाढसा रडत एकेक थोटूक पाण्यातून वेचू लागला. भटजींनी दोनदा हाक मारली. भरतीचं पाणी छातीला लागलं तरी धाकू वेचतच होता.