क्रँकला लागलेला शेंदूर

राहात्याच्या मळ्यात मोसंबीची बाग आईनं लावली होती. वडील गेल्यावर लावली, म्हणून त्या बागेबद्दल वाकडा शब्द ती कुणाचा ऐकून घेत नसे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्या सुमाराच्या उन्हाळ्यात बाग पहिल्यांदा फळाला आली, आणि नेमका तेव्हाच मोटेचा एक बैल बसला तो उठलाच नाही. विहिरीत पाणी होतं, ते वर काढायचं कसं हा प्रश्न होता. आई डोक्यावरून हंडे वाहून घालायची. हंड्यानं बाग जगत नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी नुकताच नगरच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली काम करून घरी आलो होतो. एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतलं जुनं ऑइल इंजिन आणि त्यावर चालवून पाणी उपसायला एक वापरलेला पंप मी उसन्या बैलगाडीत घालून आणला. चुलते हसले. "भंगार हाय ते. त्यापरीस बैल बघ येखादा." मी मुळातच हट्टी, त्यात कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. "आये, तुझं एक झाड मरू देत न्हाई," असं म्हणून मोकळा झालो.

इंजिन उघडलं. क्रँक, म्हणजे आत फिरणारा तो जाडजूड वाकडा दांडा, धड होता. कॅलिपरनं सगळीकडून मोजला, बारीक पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला. पण तो ज्यांच्यात फिरतो ती बेअरिंगं, म्हणजे मऊ धातूच्या अर्धगोल वाट्या, पार गेली होती. लढाईपायी नवी मिळत नव्हती. गिरणीवाल्याकडं एक वापरलेला जोड पडून होता, तोच या दांड्याला बसवून घ्यायचा होता.

त्याची रीत अशी. तेलात कालवलेला शेंदूर दांड्याला अगदी पातळ फासायचा, दांडा बेअरिंगवर ठेवून फिरवायचा आणि उचलायचा. बेअरिंगवर जिथं लाल डाग उठेल तिथं धातू उंच आहे, तेवढाच खरवडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा खरवडणं. लाली सगळीकडं सारखी उठली की बसलं म्हणायचं. घाई केली तर बेअरिंग तापून वितळणार, आणि दुसरा जोड कुठून आणणार?

एका शनिवारी शेंदूर लावलेला दांडा ओंडक्यांवर ठेवून मी तेल आणायला गावात गेलो. परत येतो तो दांड्यापुढं उदबत्ती! वर शेंदराचा आणखी जाड थर, रुईच्या पानांची माळ, अक्षता, आणि फोडलेल्या नारळाचं पाणी शिंपडलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आये, हे काय करून ठिवलं?"

"शेंदूर तूच लावला हुता. म्या निस्ती पूजा केली. शनवारचा शेंदूर म्हंजी मारुतीच की."

मी फडकं उचललं तर तिनं माझं मनगट धरलं. "शेंदूर लागला की देव झाला. बागंचा नवस बोललेय म्या त्याला. आता देवाला पुसून काढतू व्हय?"

अक्षतेचा एक दाणा बेअरिंगात गेला तर सगळी मेहनत पाण्यात, नारळाच्या पाण्यानं लोखंडाला गंज धरेल, हे मी ओरडून सांगितलं. "देवाला गंज धरत न्हाई," ती म्हणाली, आणि हंडा घेऊन बागेत निघून गेली. हसावं की रडावं कळेना. राग होताच, पण रागाखाली भीती होती. बाग हातची जाईल आणि आई खचेल, याची भीती.

उन्हं कलताना ती परतली. पदरात गळलेली कोवळी मोसंबी होती, सुपारीएवढी, हिरवी. ती तिनं दांड्यापुढं ओतली आणि बराच वेळ बघत बसली.

"आपल्या येशीतल्या मारुतीचं कवच गळलं हुतं, आठवतं का?"

आठवत होतं. वर्षानुवर्षं साठलेला शेंदराचा थर एके दिवशी आपोआप सुटून पडला, गावानं तो वाजतगाजत नदीत सोडला, आणि आतल्या मूर्तीला नवा शेंदूर लावला.

"मंग ह्यो बी कवच टाकंल," ती म्हणाली. "आण ते फडकं."

दांडा तिनं स्वतः पुसला. अक्षतेचा दाणा न् दाणा वेचला. तिथून पुढं आम्ही दोघं कामाला लागलो. ती बोटाच्या टोकानं शेंदूर लावायची, मी खरवडायचो. पडलेला कीस पायदळी जाऊ नये म्हणून ती फडक्यात जमवायची, नदीत सोडायला. माझी बोटं सोलून निघाली, पण लाली सारखी उठल्याशिवाय मी उठलो नाही. मग बोल्ट आवळले, दांडा हातानं फिरवून पाहिला. जड नाही, सैलही नाही.

इंजिन चालू झालं. थोडं चालवून मी बंद केलं, कारण बेअरिंग तापलंय का हे हात लावून बघायचं होतं. माझा हात काही पुढं होईना. आईनं ठेवला. मी लहानपणी आजारी पडलो की कपाळावर ठेवायची तसाच, डोळे मिटून.

"ताप न्हाई," ती म्हणाली. "कर चालू. झाडं वाट बघत्यात."